तबकडी पाहिली ती सोनुबाईंनी

नेरळमधली माझ्या वयाची माणसं पोशीरच्या सोनुबाई विरले यांना दूधवाल्या म्हणून ओळखतात. एकवीस वर्षं त्यांनी आमच्या आळीत दूध घातलं. सुरुवातीला डोक्यावर दोन किटल्या घेऊन चालत यायच्या, पुढे टेंपोने. सकाळी सहाला कडी वाजायची. माप भरून झालं की वर पळीभर जास्त घालायच्या आणि ते कुणाला बोलून दाखवायच्या नाहीत. माझी पत्नी शैला एकदा विषमज्वराने महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा दुधाबरोबर पेजेसाठी तांबडे तांदूळ रोज आणून द्यायच्या. पैसे विचारले तर म्हणायच्या, "बरी झाली म्हंजे बगू."

त्यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, ती फारशी कुणाला माहीत नाही. एप्रिल १९७४ मध्ये आमच्या भागात पहिली उडती तबकडी दिसल्याची बातमी छापून आली. तिच्यात सोनुबाईंचं नाव असायला हवं होतं. ते नव्हतं, आणि याला मी कारण होतो. वाचनालयाच्या अंकासाठी काहीतरी लिहा असं मंडळी दरवर्षी म्हणतात आणि दरवर्षी मी टाळतो. या वर्षी मात्र हे लिहिलं पाहिजे असं वाटलं.

त्या वेळी मी चोवीस वर्षांचा होतो आणि नेरळच्या पोस्टात कारकून होतो. कर्जतहून निघणाऱ्या 'उल्हासतीर' साप्ताहिकाला मी गावोगावच्या बातम्या पाठवायचो. जत्रा, विंचूदंश, मॅट्रिकचा निकाल, ओढ्यावरचा वाहून गेलेला साकव असल्या. सरकारी नोकरीमुळे नाव छापत नसत. 'आमच्या वार्ताहराकडून' एवढंच यायचं, आणि ते मला सोयीचं होतं.

संपादक हेमचंद्र टिपणीस यांना तबकड्यांचं फार वेड. मुंबईच्या मासिकांतले लेख ते कापून ठेवत. म्हणायचे, "अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना दिसतात, फ्रान्समधल्या दिसतात. आपले शेतकरी काय डोळे मिटून नांगरतात? कान उघडे ठेवा, पोस्टातले तुम्ही, सगळं गाव तुमच्या खिडकीशी येतं."

खरंच आलं. मनीऑर्डर करायला आलेल्या एका माणसाने सांगितलं, पोशीरच्या विरल्यांच्या राबावर, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पाला जाळून भाजतात त्या जमिनीवर, परवा आभाळात चकचकीत काहीतरी दिसलं. मी सुट्टी झाल्यावर सायकल काढली.

विरल्यांचं घर तेव्हा कुडाचं होतं. नागू पदू विरले ओटीवर बसला होता. तो माझ्याहून वर्षाने मोठा असेल. त्याचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. बायको खालापूर तालुक्यातली, चौककडची. ती आतल्या दाराच्या आड उभी होती. मला हातातल्या बांगड्या आणि पदराची कड तेवढी दिसत होती. परक्या पुरुषाने घरच्या सुनेशी बोलायचं नाही, ओटीवरच्या पुरुषाशी बोलायचं, ही तेव्हाची रीत. मला तर ती रीत नसती तरी बोलता आलं नसतं.

मी वही काढून विचारलं, "किती वाजता दिसली?"

नागूने आत पाहिलं. आतून हलकेच आवाज आला, "उन्हं कलली व्हती. वारा पडला व्हता."

"उन्हं कलली व्हती," नागू म्हणाला.

"आकार कसा?"

"टोपावरच्या झाकणावानी," आतून.

"झाकणावानी. ह्ये एवडं!" नागूने दोन्ही हात पसरले.

"एवडं नाय. सुपाएवडं. सांगा त्यांना."

"सुपाएवडं," नागूने हात आवरले.

"आवाज आला का?"

या वेळी नागूने वाट पाहिली नाही. "आला तर! घूं घूं करत!"

आतून बांगड्या वाजल्या. "आवाज नव्हता."

"म्हंजे तसा नव्हता," नागू म्हणाला. "पर मनात आला."

अशी ती मुलाखत झाली. सगळी उत्तरं दाराआडून आली आणि ओटीवरून मला मिळाली. मला काही कळलं नाही असं म्हणता येणार नाही. परतताना सायकलवर मी स्वतःला समजावलं की नवऱ्याने पाहिलेलं बायकोला जास्त नीट आठवतं, बायकांचं असंच असतं. आणि टिपणिसांचा नियम होता, बातमीत माणूस आला की नाव, बापाचं नाव, गाव. नागू पदू विरले, पोशीर. हे माझ्याकडे होतं. दाराआडच्या बाईचं नावही मी विचारलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी पहिल्या पानावर बातमी आली: 'पोशीरच्या आकाशात उडती तबकडी! शेतकरी नागू पदू विरले यांनी प्रत्यक्ष पाहिली.' मी लिहिलेलं सूप टिपणिसांनी बदलून 'भव्य चकती' केलं होतं आणि 'हिरवट प्रकाश' पदरचा घातला होता. मी काही बोललो नाही. मुंबईच्या एका दैनिकाने चार ओळींत ती उचलली तेव्हा तर टिपणिसांनी मला पेढा दिला.

मग तबकड्यांचा नुसता पूर आला. खालापूरच्या कचेरीतल्या एका शिपायाला दिसली. नेरळला एका शिंप्याला एका आठवड्यात दोनदा दिसली. डोंगराकडच्या एका वाडीतून पत्र आलं की आमच्या इथे दिसली नाही, पण कधी येणार ते कळवावं, म्हणजे लक्ष ठेवू. टिपणिसांनी 'आकाशवार्ता' नावाचं सदर सुरू केलं. सहा आठवडे ते चाललं. कुणी म्हणे हवामान खात्याचा फुगा असेल, कुणी म्हणे विमानाचा पत्रा. मग पाऊस लागला, लावणी सुरू झाली, वर बघायला कुणाला वेळ उरला नाही, आणि सदर बंद झालं.

नागू मात्र कायमचा 'तबकडी नागू' झाला. लग्नात पंगत उठली की त्याला बसवून घ्यायचे, "सांग रं नागू." दर खेपेला तबकडी थोडी वाढायची. आधी तिला खिडक्या फुटल्या. नव्वद सालाच्या सुमाराला एका खिडकीतून हात हलला. मी स्वतः तीन लग्नांत ती गोष्ट ऐकली आहे. नागू छान सांगायचा, हे मानलं पाहिजे. सोनुबाई बायकांत बसलेल्या असायच्या, कधी वाल सोलत, कधी नातवाला थोपटत. सगळं ऐकून घ्यायच्या. 'घूं घूं' आलं की मात्र तिथूनच म्हणायच्या, "आवाज नव्हता." लोक हसायचे. तेवढंच त्या म्हणायच्या.

त्यांचे दिवस कामात गेले. दोन मुलगे, एक मुलगी. दोन म्हशींच्या पाच झाल्या. घराला पक्क्या भिंती आल्या. जमिनीचे भाव चढले आणि आजूबाजूच्यांनी शेतं विकली, तेव्हा राबाची जमीन विकायची नाही एवढंच त्या घरात ठामपणे बोलल्या. त्या वर्षांत त्या रोज सकाळी माझ्या दारात यायच्या. मी आत खुर्चीवर पेपर तोंडापुढे धरून बसलेला असायचो. एकवीस वर्षं. एकदाही मी विचारलं नाही.

गेल्या चैत्रात त्यांचा नातू हरेश माझ्याकडे आला. त्याने राबाच्या जागेजवळ मुंबईच्या पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत. शनिवार-रविवारी लोक येतात, चुलीवरची भाकरी खातात, फोटो काढतात. जेवणाचं त्याची बायको हर्षला बघते.

"काका," हरेश म्हणाला, "पन्नास वर्सं झाली तबकडीला. त्या जागेवर मोठा फलक लावायचा हाय. जुनी बातमी मोठी करून. आमच्याकडचा पेपर दोन हजार पाचच्या पुरात गेला. तुमच्याकडं असंल ना?"

होता. माझ्याकडे तेवढा एकच अंक उरला आहे. फोटो काढून देता आला असता, पण शैला म्हणाली, "स्वतः जा. सोनुबाईंची विचारपूस करा. माझ्या आजारपणात पेजेचे तांदूळ आणून द्यायच्या त्या."

म्हणून रिक्षा करून गेलो. नागू आता ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसतो. मला बघून ओरडला, "आले, पोस्टमास्तर आले!" मी कारकून म्हणूनच निवृत्त झालो, पण त्याला ते कधी पटलं नाही. हरेशने कात्रण हातात घेतलं, मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाला, "शुक्करवारी फलक छापायला जाईल. पत्र्याचा हाय, वीस वर्सं हलनार नाय."

तेवढ्यात सोनुबाई चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्यासमोर ठेवला आणि परत आत गेल्या नाहीत. समोरच्या बाकावर बसल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "ती बातमी तुमाला कुनी सांगितली व्हती?"

नागू खुर्चीत हलला. "आता काय त्याचं गं? चा थंड व्हतोय त्यांचा."

"तुमी गप ऱ्हा. मी भावांना विचारते."

मी म्हणालो, "तुम्ही सांगितली होती. दाराआडून."

"मंग?"

हरेश एकदा आजीकडे, एकदा आजोबांकडे बघत होता. "म्हंजे? आजोबांनी नाय बघितली?"

सोनुबाईंनी जे सांगितलं ते मी शक्य तितकं त्यांच्याच शब्दांत देतो.

"राब भाजत व्हतो. पाला पेटवला की आग बांधाबाहेर जाते, तिच्यावर डहाळी घिऊन उभं ऱ्हावं लागतं. ह्ये जेवले आनि आंब्याखाली आडवे झाले, तोंडावर डोईची टापशी टाकून. मी एकटीच व्हते. वर बगितलं तर माथेरानच्या डोंगरावर ती उभी. घासलेल्या झाकणावानी. मी ह्यांना हाका मारल्या. उटले ह्ये डोळं चोळत, तवर ती डोंगरामागं गेली. ह्यांनी धूर बगितला फकस्त."

"धुरातबी काईतरी व्हतं," नागू म्हणाला.

"काय नव्हतं."

मी विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत.

"बातमी आली त्या दिशी सगळं घर गोळा झालं," त्या म्हणाल्या. "पर वाचनार कोन? सासऱ्यांना येत नव्हतं, ह्यांना येत नव्हतं. मी चौकच्या शाळंत तिसरीपातुर गेले व्हते. मीच वाचली."

हे मला माहीत नव्हतं. त्यांना वाचता येत असेल असं माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"शेतकरी, इतपातुर वाचलं आनि थांबले. पुडं ह्यांचं नाव. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? सासरे म्हनतात, वाच गं, अडली का? मी म्हनलं, शेतकरी आमचे ह्ये यांनी परत्यक्ष पाहिली. सगळी हसली. सासऱ्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. ह्ये एवडे फुगले! मंग काय बोलनार? छापलं व्हतं तसं वाचलं. त्याचं मला काय नव्हतं, भाऊ. घरात सारी खुशीत व्हती. गप बसले त्ये खुशीनं बसले."

"मग आता?"

"गेल्या म्हयन्यात पावन्यांची एक पोर आली. एवडीशी. ह्यांची गोष्ट ऐकली आनि माज्याकडं येऊन म्हनते, आजी, तेव्हा तुम्ही कुठे होतात? आनि माज्या तोंडून गेलं, घरी व्हते." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "गप ऱ्हाणं येगळं. ही मी खोटं बोलले. पोरीशी. आनि आता हरेश पत्र्यावर लिवनार. मी मेल्यावरबी मी घरीच व्हते."

मग नागू उठला, काठी घेतली आणि आत गेला. मला वाटलं, रागावला.

मी वही आणली नव्हती. हर्षलाने मुलाची वही आणि पेन आणून दिलं. मी म्हणालो, "सोनुबाई, आपण पहिल्यापासून घेऊ. किती वाजले होते?"

"चार वाजून गेले असतील. वारा पडला व्हता."

"किती वेळ दिसली?"

"तेवड्यात मी डहाळीनं तीन जागी आग मारली. तेवडा येळ."

"उजेड होता?"

आतल्या दाराआडून आवाज आला, "हिरवा व्हता. सांग त्यांना."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. नागूच्या काठीचं टोक तेवढं दिसत होतं.

"उजेड नव्हता," सोनुबाई मला म्हणाल्या. "झाकणावर ऊन पडतं तसं."

"थोडा हिरवा," दाराआडून.

"नाय."

"खिडक्यांचं तरी सांग गं!"

हर्षला तोंडावर हात धरून हसत होती. हरेश म्हणाला, "आजोबा, बाहेर या की."

"मी हितं बरा हाय," नागू म्हणाला. मग जरा वेळाने, खालच्या आवाजात, "पोस्टमास्तर, तिनं सांगितलं त्ये खरं हाय. मी नाय बगितली. नाव काढा माजं. पर झोपलो व्हतो तेवडं लिवू नका. तबकडी नागू झोपला व्हता म्हनलं तर बाजारात तोंड दाखवायची सोय नाय ऱ्हानार."

मी सोनुबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नका लिवू. माजं आलं म्हंजे झालं." फलकावर ते आलं नाही; इथे लिहिलं आहे ते नागूला विचारून.

आता अडचण हरेशची होती. कात्रणात आजोबांचं नाव ठळक अक्षरात होतं. "खाली आजीचं लिवलं तर लोक म्हनतील, खरं कुठलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, आणि मला त्याचा आनंद झाला हे कबूल करतो. 'उल्हासतीर'मध्ये काही चुकलं की पुढच्या अंकात चौथ्या पानाच्या तळाला चौकट यायची, वर 'दुरुस्ती' असं लिहून. निकालातला नंबर, मयताचं नाव, जत्रेची तारीख. सगळ्यांच्या दुरुस्त्या मी पाठवल्या होत्या. ही तेवढी राहिली होती. साप्ताहिक बंद पडून तीस वर्षं झाली, टिपणीस गेले. पण बातमी माझी होती, म्हणजे चौकटही मीच लिहायला हवी. मी वहीत लिहिलं, दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा हरेशला दिलं.

अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी फलक उभा केला. शैला आणि मी गेलो होतो. घरची माणसं आणि शेजारची पाच-सहा जणं जमली होती. हरेशने वर पत्र्याची एक गोल तबकडी टांगली होती. ती सुपाएवढीच होती, आजीने माप देऊन करून घेतली होती. खाली जुनी बातमी, आणि तिच्याखाली काळ्या चौकटीत दुरुस्ती.

"वाच आजी," हरेश म्हणाला.

"मी कशाला? हर्षलाला येतं की."

"तूच वाचलीस ना मागल्या टायमाला?"

सोनुबाई पुढे झाल्या. त्यांनी चष्मा लावला आणि अक्षरांवर बोट ठेवलं. नागू आंब्याखाली खुर्ची टाकून बसला होता. हा आंबा जुनं झाड गेल्यावर मागाहून लावलेला, पण जागा तीच.

"दुरुस्ती," त्यांनी वाचलं. "वरील बातमीतील तबकडी..." बोट सरकत होतं. "सोनुबाई..."

आणि बोट थांबलं. माझ्या लक्षात आलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. नाव, मधलं नाव, आडनाव. टिपणिसांची सवय माझ्या हातातून गेली नव्हती.

"अडली का गं?" नागूने विचारलं.

सोनुबाईंनी बोट उचललं आणि एक शब्द सोडून पुढे ठेवलं. "विरले यांनी पाहिली."

"आँ? मधला मानूस कुटं गेला?"

त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाल्या, "मधला आंब्याखाली झोपलाय."

आधी हर्षला हसली, मग शेजारीण, मग सगळेच. सगळ्यात जास्त वेळ नागू हसला. हसता हसता त्याला ठसका लागला आणि हरेशने पाणी दिलं. हसणं थांबेपर्यंत सोनुबाई तशाच फलकासमोर उभ्या होत्या. मग बोट खालच्या ओळीवर नेऊन त्यांनी मोठ्याने वाचलं:

"आवाज नव्हता. उजेड नव्हता."